धंदा चालू, नवा उपक्रम डोक्यात, घरात काम निघालेलं: तिन्ही एकट्याने कसं सांभाळायचं

छोटा धंदा चालवणाऱ्या माणसाच्या हातात कायम तीन प्रकारची कामं असतात. एक रोजचं, ज्यावर घर चालतं. दुसरं डोक्यात घोळणारं: नवी सेवा, नवी वस्तू, वेगळ्या प्रकारचं गिऱ्हाईक. तिसरं घरातलं: गळणारा सांधा, अर्धी रंगवलेली भिंत, कामाची खोली करायची म्हणून रिकामी केलेली आणि तशीच पडून राहिलेली खोली. पगारदार माणसाला महिन्याची रक्कम आणि सुटीचा दिवस दोन्ही आधी माहीत असतात, त्यामुळे त्याची घरातली कामं नोकरीच्या वाटेत फारशी येत नाहीत. धंदेवाल्याची तिन्ही कामं त्याच दोन हातांनी, त्याच पैशातून आणि त्याच डोक्याने व्हायची असतात.

हा लेख नुकताच स्वतःचा धंदा सुरू केलेल्यांसाठी आहे. सुरुवातीची दोन-तीन वर्षं उत्साह मोठा असतो आणि एकामागून एक गोष्टी हाती घेतल्या जातात. माझं ठाम मत असं की माणसाला कामाचा डोंगर सहसा मारत नाही, अर्धवट कामांचा साठा मारतो. अर्धवट कामात पैसा गुंतलेला असतो, जागा अडलेली असते, आणि त्यातून मिळत काहीच नाही. पुढच्या पायऱ्या हा साठा कमी कसा ठेवायचा याबद्दल आहेत. क्रम बदलू नका, कारण प्रत्येक पायरीला आधीच्या पायरीतले आकडे लागतात.

पायरी १: सगळी उघडी कामं एका कागदावर

मोठा कागद घ्या. फोनमधली यादी या कामाला उपयोगाची नाही, कारण तिथे एका नजरेत सगळं दिसत नाही. जे जे सुरू केलं आणि संपलं नाही, ते लिहा. धंदा आणि घर असे वेगळे रकाने पाडू नका. कबूल करून न पाठवलेलं दरपत्रक, अर्ध्यावर सोडलेली वेबसाइट, नव्या वस्तूचा नमुना, न बसवलेला कपाटाचा दरवाजा, मागवून ठेवलेल्या फरशा, कराचा राहिलेला अर्ज, सगळं एकाखाली एक.

या रीतीला जुना आधार आहे. लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने १४९४ साली वेनिसमध्ये छापलेल्या गणिताच्या ग्रंथात व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत सविस्तर मांडली. ती त्याने शोधलेली नव्हती, तिथले व्यापारी ती आधीपासून वापरत होते. त्याने ती इतरांना शिकता येईल अशी लिहून काढली. त्यात व्यापाऱ्याला सांगितलेलं पहिलं काम म्हणजे मोजदाद: रोकड, माल, येणं, देणं आणि घरातल्या चीजवस्तूसुद्धा. आपल्याकडे नेमकं काय आहे हे माहीत नसलेल्या माणसाने पुढची वही उघडण्यात अर्थ नाही, हे पाचशे वर्षांपूर्वी खरं होतं आणि आजही आहे.

प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी लिहा. त्यात किती पैसा गेला आणि अजून किती लागेल. त्यासाठी कोण थांबलंय. आणि पुढची नेमकी कृती कोणती. ही तिसरी नोंद सर्वांत महत्त्वाची. ‘बाथरूमचं बघणे’ ही कृती नव्हे. ‘प्लंबरला बोलावून गळती कोणत्या सांध्यातून आहे ते दाखवणे’ ही कृती. ज्या कामाची पुढची कृती पाच मिनिटं विचार करूनही लिहिता येत नाही, ते काम अजून काम झालेलं नाही, ती इच्छा आहे. तिला वेगळ्या, ‘थांबलेल्या’ कामांच्या कागदावर हलवा.

मग लाल पेन घेऊन काही ओळी खोडा. सहा महिने हात न लागलेलं आणि कोणीही वाट पाहत नसलेलं काम सोडून द्यायला हरकत नाही. त्याचं सामान विका किंवा कुणाला द्या. कुणाला शब्द दिला असेल तर फोन करून सांगा की हे होणार नाही. तो फोन अवघड असतो, पण त्या माणसालाही त्याची सोय दुसरीकडे बघायला मोकळं करतो.

पायरी २: पैशाची तीन खाती

धंद्याचं खातं वेगळं आणि घराचं वेगळं हे सगळेच सांगतात. मी तिसरंही सांगेन: नव्या उपक्रमाचं. तीन बँक खाती उघडणं शक्य नसेल तर निदान वहीत तीन पानं करा, पण रक्कम खरोखर एका पानातून दुसऱ्या पानात नोंदवून हलवा. पाचोलीनेही घरखर्चाचं स्वतंत्र खातं ठेवायला सांगितलं होतं.

व्यवहार असा ठेवा. गिऱ्हाइकाकडून आलेला पैसा आधी धंद्याच्या खात्यात. त्यातून कराचा अंदाजे हिस्सा त्याच दिवशी बाजूला. तो पैसा तुमचा नाहीच. मग स्वतःला महिन्याला ठरलेली रक्कम ‘पगार’ म्हणून घराच्या खात्यात टाका. चांगल्या महिन्यात ती वाढवू नका. घरातलं प्रत्येक काम, मग ते नळाचं असो की फरशीचं, या घराच्या खात्यातूनच व्हायला हवं. गल्ल्यातून परस्पर सिमेंटचे पैसे गेले की महिनाअखेरीला धंदा तोट्यात गेला की घर महागात पडलं हे कुणालाच सांगता येत नाही.

धंद्याच्या खात्यात किमान तीन महिन्यांचा स्थिर खर्च पडून राहू द्या. स्थिर खर्च म्हणजे विक्री शून्य झाली तरी द्यावा लागणारा: भाडं, पगार, हप्ते, विमा, तुमचा स्वतःचा ठरलेला पगार. ही शिल्लक उभी राहीपर्यंत नवा उपक्रम सुरू करू नये असं मला वाटतं, आणि घरात केवळ हौसेचं काम तर नाहीच. गळती आणि वीज यांना हा नियम लागू नाही. ती थांबवून ठेवली तर खर्च वाढतोच.

आता थोडा वेळ रोकडीवर घालवू, कारण नवीन माणसं इथेच फसतात. नफा आणि हातातली रोकड या वेगळ्या गोष्टी आहेत. समजा माल तुमच्याकडे सरासरी ३० दिवस पडून राहतो. विकल्यावर गिऱ्हाईक ४५ दिवसांनी पैसे देतं. तुम्ही पुरवठादाराला १५ दिवसांनी देता. ३० आणि ४५ मिळून ७५, त्यातून १५ वजा केले की ६० दिवस उरतात. इतके दिवस तुमचा पैसा बाहेर फिरत असतो. रोजचा खर्च १,००० असेल तर ६०,००० कायम अडकलेले. विक्री दुप्पट झाली की अडकलेली रक्कमही १,२०,००० होते. म्हणजे धंदा वाढला, कागदावर नफाही वाढला, आणि तरी खात्यात पैसे नाहीत. नेमक्या याच महिन्यात घरात भिंत फोडलेली असेल तर गवंड्याला द्यायला पैसे नसतात, आणि ती भिंत तशीच उघडी राहते.

हे ६० दिवस कमी करण्याचे उपाय साधे आहेत: आगाऊ रक्कम मागणं, काम होताच त्याच दिवशी बिल पाठवणं, उधारीची मुदत बिलावर ठळक लिहिणं, मुदत उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी आठवण करणं, आणि कमी खपणारा माल न भरणं. वसुलीचा फोन करायला संकोच वाटतो. पण तुमची बरीच उधारी गिऱ्हाईक वाईट असल्यामुळे थकलेली नसते. त्याच्या कागदांच्या ढिगात तुमचं बिल खाली गेलेलं असतं.

पायरी ३: खरोखर किती तास हातात आहेत ते मोजा

दोन आठवडे अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद ठेवा. खोटं लिहू नका, ही वही दुसरं कुणी बघणार नाही. बहुतेकांना एक गोष्ट धक्का देते: ज्याचे पैसे मिळतात ते काम आणि धंद्यासाठी घातलेला वेळ यांतली दरी. दरपत्रकं, खरेदी, वसुली, हिशोब, फोन, प्रवास, दुरुस्ती, हे सगळं कुणी बिलात भरत नाही. आठवड्याला ५० तास राबणाऱ्याचे पैसे देणारे तास ३० निघाले तर नवल वाटून घेऊ नका. हे माहीत झाल्यावर दर ठरवण्याची पद्धतही बदलते, कारण ५० तासांचा खर्च त्या ३० तासांनी उचलायचा असतो.

उरलेल्या तासांतून झोप, घरची माणसं आणि काहीच न करण्याचा वेळ आधी काढून ठेवा. जे शिल्लक राहतं ते नवा उपक्रम आणि घरातलं काम या दोघांत वाटायचं आहे. समजा आठवड्याला १० तास निघाले, महिन्याला ४०. हा आकडा लिहून ठेवा, तो पाचव्या पायरीत लागेल.

तास सुटे-सुटे असतील तर त्यांची किंमत बरीच घसरते. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली दाखवून दिलं की एक काम अर्ध्यात सोडून दुसरं घेतलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो आणि दुसरं काम कमी प्रतीचं होतं. छोट्या धंदेवाल्याचा दिवस तर अशा सोडण्या-धरण्यानेच भरलेला असतो. त्यावर दोन उपाय कामी येतात. नव्या उपक्रमाला आणि घराला सलग तुकडे द्या, किमान दोन-तीन तासांचे. आणि काम थांबवताना एक ओळ लिहा: कुठे थांबलो, पुढे काय करायचं, काय शोधायचं आहे. घरातल्या कामावर ही ओळ भिंतीवरच चिकटपट्टीने लावावी. पुढच्या वेळी ‘आपण कुठे होतो’ यात पहिला अर्धा तास जात नाही.

पायरी ४: एका वेळी किती कामं उघडी ठेवायची

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

समजा तीन कामं आहेत, प्रत्येक चार आठवड्यांचं. एक नव्या सेवेची तयारी, एक कामाची खोली, एक बाथरूम. तिन्ही एकदम सुरू केली आणि दर आठवड्याला आळीपाळीने हात लावला, तर पहिलं काम दहाव्या आठवड्याच्या शेवटी संपेल, दुसरं अकराव्याच्या, तिसरं बाराव्याच्या. तीच तीन कामं एकामागून एक केली तर चौथ्या, आठव्या आणि बाराव्या आठवड्याच्या शेवटी संपतील. शेवटच्या कामाचा एक दिवसही तोटा झाला नाही. पहिलं मात्र सहा आठवडे आधी हाती आलं आणि दुसरं तीन. पहिलं काम नवी सेवा असेल तर ती सहा आठवडे आधी कमवायला लागली. आणि यात काम बदलताना वाया जाणारा वेळ धरलेलाच नाही.

याचं गणित जॉन लिटल या अमेरिकी संशोधकाने १९६१ साली सिद्ध केलं. सरासरीने बोलायचं तर हाती असलेली कामं म्हणजे ती संपण्याचा वेग गुणिले एका कामाला लागणारा काळ. महिन्याला दोन कामं संपवण्याची तुमची ताकद असेल आणि दहा उघडी असतील, तर प्रत्येक काम सरासरी पाच महिने चालेल. चारच उघडी ठेवली तर दोन महिने. तुम्ही तेवढेच राबताय, वेग तोच आहे, फक्त काम लवकर हातावेगळं होतं. कारखाने आणि सॉफ्टवेअरवाले हा हिशोब रोज वापरतात. एकट्या माणसाला त्याची गरज जास्त आहे, कारण त्याच्याकडे अडलेलं काम ढकलायला दुसरा माणूस नसतो.

म्हणून माझा नियम: चालू धंद्याशिवाय एक नवा उपक्रम आणि एक घरातलं काम, एवढंच उघडं. त्यातही एकाला ‘पुढचं’ आणि दुसऱ्याला ‘मागचं’ ठरवा. पुढच्याला सलग तुकडे मिळतील. मागच्याला पुढचं अडून बसलेलं असताना. धंद्याचा हंगाम जोरात असेल तेव्हा दोन्ही बंद. हे काही जणांना फार कडक वाटतं. पण तीन महिने पाळून बघितलं तर यादीतल्या ओळी खाली जाताना दिसतात, आणि ते बघण्याचा आनंद मोठा असतो.

नवी कल्पना आली तर? ती येणारच, ज्याला येत नाहीत तो धंद्यात पडत नाही. तिला ‘थांबलेल्या’ कागदावर तारीख टाकून लिहा. उघडं काम एक बंद झालं की तिथूनच पुढचं निवडायचं. गंमत म्हणजे दोन महिन्यांनी तो कागद वाचताना निम्म्या कल्पना आपणहून खोडाव्याशा वाटतात.

पायरी ५: नवा उपक्रम आधी तासांत तपासा

कुठलीही नवी गोष्ट सुरू करताना ना-नफा-ना-तोटा बिंदू काढायला सगळे शिकवतात: महिन्याचा स्थिर खर्च भागिले एका नगामागे सुटणारी रक्कम. एकट्याने चालवायच्या उपक्रमाला हा हिशोब पुरत नाही, कारण तुमचे तास त्यात कुठेच येत नाहीत.

एक उदाहरण घेऊ. स्थिर खर्च महिन्याला ६,०००. एक नग ५०० ला विकायचा, त्याला साहित्य ३०० चं लागतं, म्हणजे नगामागे २०० सुटतात. ३० नग विकले की खर्च भरून निघाला. कागदावर छान दिसतं. पण एका नगाला दोन तास लागत असतील तर ३० नगांना ६० तास, आणि तिसऱ्या पायरीत तुमच्याकडे निघाले ४०. म्हणजे मागणी कितीही असली तरी हा उपक्रम तुम्हाला पोसणार नाही. किंमत ६०० केली तर नगामागे ३०० सुटतात, २० नगांत भागतं, बरोबर ४० तास. अजून तुमच्या मेहनतीचा एक पैसा यात आलेला नाही. मग पर्याय स्पष्ट होतात: किंमत आणखी वर, नगाचा वेळ कमी, स्थिर खर्च कमी, किंवा हा उपक्रम नकोच. हा कागद सामान घेण्याआधी करायचा असतो.

तपासणी पास झाली तर लहान प्रमाणात सुरू करा. भाड्याचं यंत्र, उसनी जागा, थोडकाच माल. ओळखीच्यांचं ‘छान आहे’ हे उत्तर धरू नका. अनोळखी माणसाने खिशातून दिलेले पैसे हेच उत्तर. सुरू करण्याच्या दिवशीच तीन गोष्टी लिहून सही करा: जास्तीत जास्त किती पैसा घालणार, कोणत्या तारखेला निर्णय घेणार, आणि काय दिसलं तर बंद करणार.

सही कशाला, असं वाटेल. कारण पैसा गेल्यावर माणसाचा निर्णय बदलतो. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात नाटकांच्या हंगामी तिकिटांवर काही प्रेक्षकांना कुठलाही निकष न लावता सूट दिली. ज्यांनी पूर्ण किंमत मोजली ते हंगामाच्या पहिल्या भागात जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती. दिलेला पैसा त्यांना खेचत होता. बंद करायला हवा असा उपक्रम चालू राहतो तो बहुधा याच ओढीने. आधी लिहिलेली सही त्या दिवशी तुमच्या बाजूने उभी राहते.

पायरी ६: घरातलं काम काढताना

इथे जरा रेंगाळणार आहे, कारण धंद्याबद्दल सल्ला देणारे पुष्कळ आहेत, पण धंदा सांभाळून घर दुरुस्त करणाऱ्याला कुणी फारसं काही सांगत नाही.

आधी स्वतः काय करायचं आणि काय नाही ते ठरवा. कसोटी दोन आहेत. चूक झाली तर जीव किंवा घर धोक्यात येतं का? वीज, गॅस, भार पेलणारी भिंत, छत, यांना परवाना असलेला जाणकार माणूसच हवा. दुसरी कसोटी तासांची: तो माणूस एका दिवसात करतो त्याला तुम्हाला चार शनिवार-रविवार लागणार असतील, आणि त्या तासांत धंद्यातून त्याच्या मजुरीपेक्षा जास्त मिळत असेल, तर त्याला बोलावणं स्वस्त. मात्र हाताने काम करण्यात तुम्हाला खरंच विश्रांती मिळत असेल तर ही कसोटी बाजूला ठेवा. दिवसभर आकड्यांशी झगडणाऱ्याला रंधा मारण्यात जे समाधान मिळतं त्याचा हिशोब मजुरीत होत नाही.

क्रम हा: पाणी, वीज, मग पृष्ठभाग. गळती थांबल्याशिवाय रंग नाही. भिंतीतल्या नळ्या आणि तारा झाकण्याआधी तपासून घ्या. नळ्यांत दाब देऊन, बाथरूमच्या जमिनीवर जलरोधक थर दिल्यावर निचरा बंद करून किमान २४ तास पाणी साठवून. भिंत बंद करण्याआधी मोजपट्टी धरून फोटो काढा. पाच वर्षांनी खिळा ठोकताना तोच फोटो लाखमोलाचा ठरतो. फरशा लागतील त्यापेक्षा साधारण १० टक्के जास्त घ्या, आणि सगळ्या एकाच बॅचच्या, कारण बॅच बदलली की छटा बदलते.

रंगाचा हिशोबही आधी करा. पाण्याच्या साध्या रंगाचा एक लिटर एका हाताला साधारण १० चौरस मीटर जातो. ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंचीची खोली घेतली तर भिंती ४२ चौरस मीटर. दारं-खिडक्या वजा जाता ३७ धरा. दोन हात म्हणजे ७४. सात-आठ लिटर लागणार. डब्यावरचा आकडा वेगळा असेल तर तो खरा माना.

धंदेवाल्याच्या दृष्टीने घरातल्या कामाची एक मोठी सोय आहे: त्यात वाट बघण्याचा काळ भरपूर असतो. काँक्रीटची ताकद मोजायचा प्रचलित दिवस २८ वा आहे. निदान पहिले सात दिवस ते ओलं ठेवावं लागतं. सिमेंटच्या नव्या गिलाव्यावर पाणी मारायचं आणि मग तो पूर्ण वाळू द्यायचा, त्यामुळे रंगाआधी साधारण महिनाभर थांबणं बरं. सिलिकॉन भरलेल्या सांध्याला पाणी लागू देण्याआधी एक दिवस. लाकूड ज्या खोलीत बसवायचं तिथेच काही दिवस ठेवून मग कापायचं, कारण ते हवेतल्या ओलाव्याप्रमाणे फुगतं-आकसतं. हे दिवस घाईने कमी होत नाहीत. मग ओलं काम अशा वेळी काढा की वाळण्याचे आठवडे धंद्याच्या गर्दीत पडतील. हंगाम संपेपर्यंत भिंत तयार, आणि तुमचा एकही तास तिथे बसून गेला नाही.

सुरक्षेच्या बाबतीत घाई करू नका. टेकवायची शिडी जितकी उंच टेकते त्याच्या चौथ्या भागाइतकी तिची पायथ्याची बाजू भिंतीपासून दूर हवी. चार मीटरवर टेकली तर एक मीटर. विजेच्या हत्यारांना ३० मिलिअँपिअरचं गळती-संरक्षक उपकरण असलेल्या जोडणीतूनच वीज द्या. भिंतीत भोक पाडताना स्विच आणि सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल चालवू नका, कारण तारा बहुधा त्याच रेषांत जातात. जुन्या घराचा रंग कोरडा घासण्याआधी त्यात शिसं आहे का ते तपासा, आणि जुने पत्रे किंवा नळ्यांवरचं आवरण ॲस्बेस्टॉसचं असण्याची शंका आली तर हात लावू नका.

आता मुदतीबद्दल. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं की माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज बहुधा सगळं सुरळीत जाईल असं धरून बांधतो. पुढे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत संपेल ते विचारलं. त्यांचा अंदाज सरासरी ३४ दिवसांचा होता. सगळं बिघडलं तर किती, याचं उत्तर ४९ च्या आसपास. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५ पेक्षा जास्त. म्हणजे वाईटात वाईट अंदाजही तोकडा पडला. म्हणून घरातल्या कामाची मुदत ‘मला किती वेळ लागेल’ असं विचारून काढू नका. मागच्या तशाच कामाला किती लागला, शेजाऱ्याला किती लागला, हे विचारा आणि तो आकडा जसाच्या तसा घ्या. पैशाचंही तेच, आणि जुन्या घरात भिंत उघडल्यावर काय निघेल त्यासाठी वेगळी रक्कम.

काम असे तुकडे पाडून काढा की प्रत्येक तुकडा संपल्यावर घर वापरता येईल. तीन खोल्या एकदम उघडण्यापेक्षा एक खोली पूर्ण, दारावरच्या पट्टीसकट. मोठ्या ऑर्डरचा फोन कधीही येऊ शकतो. तो आल्यावर घर कोणत्या अवस्थेत असेल हे तुकडे पाडतानाच ठरलेलं असतं.

पायरी ७: घरच्यांशी बोलणं

कागदावरचे तास तुमचे एकट्याचे नसतात. महिन्यातून एकदा घरच्यांबरोबर बसा आणि पहिल्या पायरीतला कागद समोर ठेवा. त्यांना कोणतं काम आधी हवंय ते विचारा, उत्तर बहुधा तुमच्या क्रमापेक्षा वेगळं येतं आणि बहुधा त्याला कारण असतं. घर तारण ठेवून पैसा उभा करायचा असेल तर तो निर्णय सगळ्यांचा. कामाची खोली घरातच असेल तर दार बंद म्हणजे काम चालू, उघडं म्हणजे हाक मारायला हरकत नाही, एवढा साधा करार पुरतो. घरातल्या जागेचा खर्च धंद्यात दाखवता येतो का हे देशागणिक बदलतं. एकदा हिशोबनीसाला विचारा आणि तो सांगेल त्या पावत्या पहिल्या दिवसापासून जपा.

पायरी ८: आठवड्याला अर्धा तास

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी. तिन्ही खात्यांतली रोकड लिहा. मुदत उलटलेली उधारी बघा आणि फोन करायची नावं काढा. उघडी कामं मोजा. नियमापेक्षा जास्त दिसली तर आजच एकाला थांबवा आणि त्याचं सामान एका जागी बांधून ठेवा. प्रत्येक उघड्या कामाची पुढची कृती नव्याने लिहा. उपक्रमाची निर्णयाची तारीख जवळ आली असेल तर सहीचा कागद वर काढा.

एखादं घरातलं काम संपलं असेल तर रंगाचा क्रमांक, उरलेल्या फरशांची बॅच, बिलं, हमीपत्र आणि भिंतीतले फोटो एका पाकिटात घालून त्यावर खोलीचं नाव टाका. हत्यारं पुसून जागेवर, भाड्याची परत. मग थांबलेल्या कागदावरून पुढचं काम निवडा, त्याला किती तास आणि किती पैसा द्यायचा ते लिहा, आणि त्यानंतरच सामान मागवा.